लाल बटण दाबण्याआधी: छोट्या विमानाचा ऑटोपायलट हातात घेताना

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर एक हात कडीला ठेवा, पुढे त्या कडीचंच उदाहरण येणार आहे. आणि जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांना नेहमीचंच सांगणं: हा बोललेलाच मजकूर आहे, फक्त 'अं', 'म्हणजे' आणि मागचे रिक्षाचे हॉर्न काढून टाकलेत.

विमानांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ऑटोपायलट असतो ना? मग पायलट करतो काय?" या प्रश्नावर हसून उपयोग नाही, कारण प्रश्न खरा आहे. फक्त मला तो जरा फिरवून विचारायचाय. ऑटोपायलट लावणं सोपं असतं, एक बटण. तो काढायचा कसा? विमान यंत्राच्या हातातून माणसाच्या हातात येतं, त्या दोन-तीन सेकंदांत नेमकं काय होतं? आज एवढंच बोलायचंय. तेही छोट्या विमानाबद्दल, चार सीटचं, एका पंख्याचं, ज्यात आपल्यातली बरीच मुलंमुली पायलट व्हायला शिकतायत किंवा शिकायचं म्हणून घरी कर्जाच्या गोष्टी काढतायत.

घाटकोपर, कुर्ला, साकीनाका या पट्ट्यातल्यांना हा विषय लांबचा वाटायचं कारण नाही. रनवे २७ वर उतरणारी विमानं तुमच्या गच्चीवरूनच जातात. (२७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. रनवेचे आकडे असे दिशेवरून पडतात, गुंतागुंत काही नाही.) २८ जून २०१८ ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी-९० जातीचं छोटं विमान घाटकोपर पश्चिमेला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या आवारात कोसळलं. विमानातले चार आणि रस्त्यावरून जाणारा एक, अशी पाच माणसं गेली. त्या अपघाताशी मी ऑटोपायलट जोडत नाहीये. एवढंच सांगतोय की छोटं विमान नीट हाताळणं ही फक्त आत बसलेल्यांची बाब नसते, खाली आपणही असतो.

ऑटोपायलटचा संबंध दुसऱ्या घटनेत येतो. १४ सप्टेंबर २०२३, संध्याकाळी पाचच्या सुमारास. विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट ४५, म्हणजे खाजगी छोटं जेट, आपल्या विमानतळावर रनवे २७ वर उतरत होतं. तुफान पाऊस, दिसत होतं जेमतेम ७०० मीटरपर्यंत. विमान रनवेच्या उजवीकडे गेलं, जमिनीवर आपटलं. आतले आठही जण वाचले, त्या विमानाचे फोटो पाहिलेत तर यावर विश्वास बसत नाही. तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालात कॉकपिटच्या रेकॉर्डिंगबद्दल जे आहे ते मला महत्त्वाचं वाटतं. आधी ऑटोपायलट डिसकनेक्ट झाल्याचा आवाज येतो. त्यानंतर थोड्याच वेळात स्टॉलचा इशारा. मग जमीन जवळ आल्याचा इशारा. कारण काय ते ठरवणं प्राथमिक अहवालाचं काम नसतं, माझं तर नाहीच. पण तो क्रम लक्षात ठेवा. यंत्राने सोडलं, माणसाने धरलं, आणि मधे वेळ किती होता? काही सेकंद.

स्टॉल हा शब्द आलाय तर तो उलगडून घेऊ, कारण पेपरात बरेचदा चुकीचा येतो. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. विमानाचं नाक फार वर गेलं, वेग कमी झाला, की पंखांवरून हवा नीट सरकत नाही आणि विमानाला उचलून धरणारा जोर कोसळतो. इंजिन मस्त चालू असतानाही हे होऊ शकतं.

आता ऑटोपायलट. आपल्या डोक्यात काहीतरी रोबोटसारखं चित्र असतं. छोट्या विमानात असलं काही नसतं. सेस्ना १७२ घ्या, जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान. त्यातला नेहमीचा ऑटोपायलट म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर आणि दोन-तीन मोटरी. एक मोटर पंखांचा तोल बघते, एक नाक वर-खाली करते, एक ट्रिमचं चाक फिरवते. झालं. त्याला ढग दिसत नाहीत, डोंगर दिसत नाही. आणि छोट्या विमानांत बहुतेक वेळा त्याचा हात इंजिनाच्या थ्रॉटलपर्यंत पोचत नाही, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. त्यावर नंतर येतो.

ही कल्पना आहे शंभर वर्षांपूर्वीची. १८ जून १९१४ ला पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी नावाच्या तरुणाने विमान उडवताना परीक्षकांसमोर दोन्ही हात वर केले. त्याचा मेकॅनिक तर पंखावर जाऊन उभा राहिला. विमान सरळ चाललं, कारण आत जायरोस्कोप होते. टाळ्या पडल्या. पण माझ्या मते खरी गंमत पुढची आहे. हात वर केलेला माणूस कधीतरी ते खाली आणतो. आणि तेव्हा विमान ज्या अवस्थेत असेल, त्या अवस्थेत त्याला घ्यावं लागतं.

इथे ट्रिम समजून घ्यायला लागेल. दोन मिनिटं द्या.

विमानाचं नाक ठरावीक जागी ठेवायला पायलटला योक, म्हणजे ते अर्ध्या स्टिअरिंगसारखं हँडल, सतत ओढून किंवा ढकलून धरावं लागतं. तासभर असं धरलं तर हात मोडून येतील. म्हणून शेपटीजवळ एक छोटी पट्टी असते, ती चाकाने फिरवायची, की ती पट्टी तुमच्या वतीने जोर लावते. ती ट्रिम. ट्रिम बरोबर असेल तर योक सोडला तरी विमान होतं तसंच राहतं.

ऑटोपायलट चालू असताना हे चाक तो स्वतः फिरवतो. तुम्हाला न विचारता. तुमचा हात तिथे नसतो, त्यामुळे किती जोर साठलाय ते कळत नाही.

आता ती कडी. सकाळची बोरिवली लोकल, तुम्ही दारापासून दोन माणसं आत. मागून सगळा डबा तुमच्यावर रेलतोय, आणि तुम्ही पडू नये म्हणून पाय रोवून मागे रेटा देताय. दाब आणि रेटा सारखे, म्हणून तुम्ही सरळ उभे. लांबून बघणाऱ्याला वाटेल, काय निवांत उभा आहे! अंधेरी येते. मागची माणसं एका झटक्यात उतरतात. दाब गेला, तुमचा रेटा तसाच आहे. तुम्ही मागच्या मागे.

ऑटोपायलट तुमच्या मागचा तो डबा आहे. सरळ, शांत उडणारं विमान बघून कळत नाही की आत तो किती रेटून धरतोय. डाव्या टाकीत पेट्रोल जास्त उरलंय, उजवीकडचं संपत आलंय, विमान डावीकडे कलायला बघतंय, आणि ती छोटी मोटर इमाने इतबारे उजवीकडे धरून बसलीय. तुम्ही लाल बटण दाबता. मोटर सोडते. डावा पंख खाली.

म्हणून मला 'ऑटोपायलट बंद करणं' हा शब्दप्रयोगच आवडत नाही. पंखा बंद करतो, गिझर बंद करतो. इथे काही बंद होत नाहीये, कोणीतरी धरलेलं ओझं तुम्ही आपल्या हातात घेताय. भरलेली घागर कोणी देत असेल तर आधी दोन्ही हात खाली लावतो की नाही? आणि मग म्हणतो, 'सोड'.

तर क्रम असा. समजा तुम्ही धुळ्याला शिकताय. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं शिक्षण तिथेही चालतं, मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानाला जागा कुठून मिळणार! चार हजार फुटांवर सरळ उडताय, ऑटोपायलट चालू आहे, धावपट्टी जवळ येतेय.

पहिल्यांदा हात योकवर, पाय रडरच्या पेडलवर. नुसते ठेवायचे, ढकलायचं नाही. सीट नीट आहे ना, पाय पुरतायत ना, ते याच वेळी. मग पडद्यावर बघायचं की यंत्र या क्षणी काय करतंय: उंची धरून आहे, की खाली उतरवतंय, की वळवतंय? वळण चालू असेल तर शक्यतो ते संपू द्या, पंख सरळ होऊ द्या. वेग बघा. ट्रिमच्या चाकाचा निशाण कुठे आहे ते बघा, नेहमीच्या जागेपेक्षा फार पुढे-मागे असेल तर हात घट्ट करा. काही जुन्या ऑटोपायलटमध्ये ट्रिम आपोआप होत नाही, ट्रिम करायला सांगणारा इशारा फक्त दिसतो. तो दिसत असेल तर आधी ट्रिम करा, मग पुढचं. टाक्या दोन्ही सारख्या आहेत का, तेही.

आणि मग बटण. योकवरच अंगठ्याजवळ असतं, बहुतेक लाल. टोन वाजतो, पडद्यावरची अक्षरं लुकलुकतात आणि जातात. ती गेली हे डोळ्याने बघायचं आणि तोंडाने म्हणायचं, 'ऑटोपायलट ऑफ'. शेजारी इन्स्ट्रक्टर असेल तर त्यांना ऐकू जाईल असं. एकटे असाल तरी म्हणा. जगभरच्या कॉकपिटमध्ये अशा गोष्टी बोलून दाखवायची पद्धत आहे आणि त्यामागे कारण आहे: विमान आता कोणाच्या हातात आहे याबद्दल दोन माणसांच्या मनात दोन उत्तरं असली की गोष्ट बिघडते.

त्यानंतरचे पाच सेकंद दुसरं काहीही करायचं नाही. रेडिओ नाही, नकाशा नाही, फ्लॅप नाही. नाक कुठे जातंय, पंख कुठे कलतायत ते हाताला जाणवू द्या, धरा, ट्रिम करा. विमान तुमच्या हातात बसलं की मग पुढची कामं.

कुठे सोडवायचं, हेही ठरलेलं असतं. केएपी १४० नावाचा ऑटोपायलट बऱ्याच सेस्ना १७२ मध्ये आहे. त्याच्या पुस्तकात लिहिलंय की उतरताना जमिनीपासून २०० फुटांच्या खाली तो चालू ठेवायचा नाही, आणि इतर वेळी ८०० फुटांच्या खाली नाही. ही शेवटची मर्यादा झाली. तिथपर्यंत थांबलंच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. २०० फूट म्हणजे साधारण वीस मजली इमारत. तेवढ्यावर येऊन, पावसात, वाऱ्यात पहिल्यांदा विमानाचं वजन हाताला कळणार असेल तर उशीर झालेला आहे. शिकाऊ माणसाने बरंच वर असतानाच हातात घ्यावं, निदान हजारभर फूट तरी. तुमच्या विमानाचं पुस्तक आणि तुमचे इन्स्ट्रक्टर काय सांगतात ते अर्थातच माझ्यावर.

आता सगळ्यात घातक सवय. ऑटोपायलट चालू आहे, विमान तुम्हाला हवं तिथे जात नाहीये, आणि तुम्ही त्याला बंद न करता योक ढकलता. छोट्या विमानात हे जमतं, मोटरीचा क्लच घसरतो, नाक थोडं खाली येतं. पण ऑटोपायलटला वाटतं, 'अरे, काहीतरी नाक खाली ढकलतंय, आपण वर घेतलं पाहिजे.' मग तो ट्रिम वरच्या बाजूला फिरवायला लागतो. तुम्ही अजून ढकलता, तो अजून फिरवतो. रस्सीखेच. आणि मग वैतागून तुम्ही लाल बटण दाबता. आता ट्रिम पार वरच्या टोकाला, समोरून ओढणारा कोणी नाही, तुमचे हात थकलेले. नाक आभाळाकडे.

हे पुस्तकी नाही. २६ एप्रिल १९९४, जपानमधलं नागोया, चायना एअरलाइन्सचं एअरबस ए-३००. उतरताना को-पायलटकडून चुकून 'पुन्हा वर जा' हा आदेश लागला. ऑटोपायलट वर न्यायला बघतोय, माणूस योक खाली ढकलतोय, आणि शेपटीची ट्रिम हळूहळू जवळजवळ पूर्ण वर गेली. शेवटी नाक इतकं उंचावलं की विमान स्टॉल होऊन पडलं. २६४ माणसं गेली, सात वाचली. विमान मोठं होतं, पण रस्सीखेच तीच. म्हणून यंत्राशी भांडायचं नाही. पटत नाहीये? आधी काढा, मग हाताने उडवा.

थ्रॉटलबद्दल बोलायचं राहिलंय. समजा ऑटोपायलटला सांगितलंय, 'मिनिटाला ७०० फूट वर चढव'. तो प्रामाणिक आहे, चढवणार. पण उन्हाळ्याच्या दुपारी हवा विरळ, विमानात तिघं बसलेले, इंजिनाचा दम कमी पडतोय. त्याला इंजिन वाढवता येत नाही. मग तो काय करतो? नाक अजून वर घेतो. वेग घटतो. नाक अजून वर. असं करत करत तो विमान स्टॉलच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवतो आणि तिथे तुम्हाला देतो. उंची धरून उडताना थ्रॉटल मागे घेऊन तसंच विसरलात तरी हेच. अशा वेळी बटण दाबून लगेच योक मागे ओढाल तर संपलं. नाक खाली, इंजिन पूर्ण, पंख सरळ. ऑटोपायलट चालू असताना वेगाच्या काट्यावर दुप्पट लक्ष ठेवायचं ते म्हणूनच, कारण त्या काट्याकडे बघणारं दुसरं कोणी नाही.

हे झालं तुम्ही ठरवून काढण्याचं. न ठरवता निसटला तर?

मे २०१०, दुबई–पुणे, एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७. कॅप्टन टॉयलेटला गेले होते. को-पायलट आपली सीट पुढे-मागे करत होता, आणि त्या नादात योक पुढे ढकलला गेला. नाक खाली, विमान काही हजार फूट कोसळत गेलं. डीजीसीएच्या चौकशीनुसार तो तरुण इतका गांगरला की त्याला सावरताही येईना आणि कॉकपिटचं दारही उघडता येईना. कॅप्टन इमर्जन्सी कोड टाकून आत आले आणि त्यांनी विमान सावरलं. शंभरहून जास्त प्रवासी सुखरूप पुण्याला उतरले. सीट सरकवणं! मगाशी सीट आधी नीट करा म्हटलं ते उगाच नाही.

छोट्या विमानात दुसरी भीती ट्रिम पळण्याची. मोटर अडकते आणि चाक आपोआप एका दिशेला फिरतच राहतं. तेव्हा योक घट्ट धरायचा, लाल बटण दाबून *धरून ठेवायचं*, सोडायचं नाही, कारण बऱ्याच विमानांत बोट उचललं की ट्रिमची वीज परत येऊ शकते. मग त्याचा सर्किट ब्रेकर खेचायचा, आणि चाक हाताने जागेवर आणायचं. तो ब्रेकर कुठला, हे त्या क्षणी वाकून शोधायचं नसतं. जमिनीवर, विमान उभं असताना, डोळे मिटून बोट तिथे गेलं पाहिजे. त्याच वेळी ऑटोपायलट चालू करून योक हाताने दाबून बघा, क्लच घसरतो का. मग एकेका मार्गाने काढून बघा: लाल बटण, पॅनेलवरचं बटण, ट्रिमचा स्विच. उड्डाणाआधीच्या तपासणीत हे असतंच. घाईत टिक मारून सोडून देतात ती हीच जागा.

आणि ढगात, किंवा रात्री समुद्रावर काढायची वेळ आली तर? तेव्हा शरीर काय सांगतंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही. १ जानेवारी १९७८ ला सांताक्रूझहून दुबईकडे निघालेलं 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ दोनेक मिनिटांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात गेलं, २१३ माणसांसह. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं, बाहेर काळोख, आणि ते डावीकडे कलतच गेलं. त्यात ऑटोपायलटचा दोष नव्हता. पण क्षितिज दिसत नसताना हातात विमान घेणं काय असतं, हे त्यातून कळतं. तिथे एकाच उपकरणावर विसंबायचं नाही, शेजारच्याशी ताडून बघायचं. आणि यंत्र नीट चालत असेल तर ढगात ते उगाच काढायचंही नाही. तो तुमचा मदतनीस आहे. आता तर काही नव्या ऑटोपायलटवर निळं बटण येतं, गोंधळलात तर ते दाबा, विमान पंख सरळ करून समतल होतं.

शेवटी मुलुंडच्या एका ताईंची व्हॉइस नोट. त्यांचा मुलगा बारावीला आहे, कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर खेळतो, आणि त्या विचारतायत, "याचा पुढे काही उपयोग आहे का हो, की नुसता टाइमपास?" ताई, उपयोग आहे, एका अटीवर. क्रमासाठी चांगला आहे: काय बघायचं, कधी दाबायचं, काय बोलायचं. पण घरच्या साध्या जॉयस्टिकला ट्रिमचा जोर जाणवत नाही. बटण दाबल्यावर हातात जे येतं ते त्यात येत नाही. त्याला सांगा, ऑटोपायलट लावून मुद्दाम एका टाकीतलं पेट्रोल कमी कर, वीस मिनिटं उडव आणि मग काढ, पंख कुठे जातो बघ. आणि दर वेळी मोठ्याने 'ऑटोपायलट ऑफ' म्हणायला लावा. शेजारी काय म्हणायचं ते म्हणू देत.